बाहेरचा खेळाडू

भातकापणी आटोपली की कोलाडपासून रोह्यापर्यंत आणि तिकडे पेणपर्यंत रिकाम्या शेतांत खेळपट्ट्या तयार होतात. टेनिस बॉलच्या स्पर्धा. मांडव, लाउडस्पीकर, समालोचक, आणि आता मोबाइलवरून लाइव्हसुद्धा. संघांना हल्ली गावातली पोरं पुरत नाहीत. उरण-पनवेलकडचा एखादा नावाजलेला फटकेबाज पैसे देऊन आणतात. त्याला म्हणायचं ‘बाहेरचा’. तो चालला तर समालोचक त्याच्या नावाचा गजर करतो. पहिल्या चेंडूवर गेला तर मांडवात एकच वाक्य, “पैसे फुकट गेले.” आपल्या गावचा पोरगा शून्यावर आला तर मात्र, “जाऊ दे रे, पुढच्या मॅचला.”

मी उर्दू आणि मराठी शिकवते. क्रिकेट शिकवत नाही, पण वर्गात बसलेल्या चाळीस पोरांमुळे मला ते सगळं पाठ होतं. आयपीएलचा लिलाव झाला की त्यांच्या वह्यांच्या शेवटच्या पानावर याद्या सुरू होतात. कोणत्या परदेशी खेळाडूला किती कोटी, आणि त्याने काय दिवे लावले. गणितात काठावर पास होणारा मुलगा एक धाव किती लाखाला पडली हे तोंडी काढतो. याद्या फक्त आमचीच पोरं करतात असंही नाही. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या गिरणीगावांत रग्बी लीग हा खेळ चालतो. तिथले क्लब ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडहून खेळाडू आणतात, आणि त्यांतले कोण कोण फुसके निघाले ही चर्चा तिथले लोक वर्षानुवर्षं चवीने करतात. आपल्याला ते अगदी ओळखीचं वाटेल.

आमच्या पोरांच्या यादीत मुंबई इंडियन्सचं २०१३ साल पक्कं असतं. त्या वर्षी मुंबईने घेतलेल्या ऑस्ट्रेलियनांत हे दोघे होते. रिकी पाँटिंग चार लाख डॉलरला आणि ग्लेन मॅक्सवेल दहा लाख डॉलरला. मॅक्सवेलची मूळ किंमत होती दोन लाख. त्या लिलावातला तो सगळ्यात महाग खेळाडू ठरला, वय चोवीस. पाँटिंगला कप्तान केलं. सहा सामन्यांत त्याच्या ५२ धावा झाल्या, मग तो स्वतःहून बाजूला बसला आणि कप्तानपद रोहित शर्माकडे गेलं. मुंबईने त्या वर्षी पहिल्यांदा आयपीएल जिंकली. मॅक्सवेल खेळला तीन सामने. धावा ३६.

म्हणजे एक धाव जवळजवळ अठ्ठावीस हजार डॉलरला. पोरं हसतात. पण मी त्यांना विचारते, त्या संघात बाकीचे परदेशी कोण होते? पोलार्ड, मलिंगा, मिचेल जॉन्सन, ड्वेन स्मिथ. मैदानात एका वेळी परदेशी चारच चालतात. या चौघांतला कोणाला बसवून मॅक्सवेलला खेळवणार होते? जॉन्सनने त्या वर्षी २४ बळी घेतले, स्मिथने चारशेहून जास्त धावा काढल्या. मॅक्सवेल खराब खेळला की त्याला खेळायला जागाच नव्हती, हे वहीच्या शेवटच्या पानावर मावत नाही. तिथे फक्त किंमत आणि धावा. किंमत काही त्याने लावली नव्हती. दोन मालक हात वर करत राहिले आणि आकडा वाढत गेला.

त्याला निदान तीन सामने तरी मिळाले. बांगलादेशचा मश्रफी मुर्तझा २००९ च्या लिलावात पन्नास हजार डॉलरवरून सहा लाखांवर गेला. कोलकात्याने घेतला, आणि खेळवला एकच सामना. शेवटच्या षटकात डेक्कनला २१ धावा हव्या होत्या, चेंडू मश्रफीच्या हातात, समोर बोरिवलीचा रोहित शर्मा. डेक्कन जिंकलं. मश्रफीची चार षटकं, ५८ धावा, बळी शून्य. आयपीएलमधलं त्याचं सगळं आयुष्य एवढंच. देशासाठी त्याने पुढे कितीतरी वर्षं कप्तानी केली, पण आपल्याकडे तो त्या एका षटकाचा माणूस राहिला.

मॅक्सवेलची गोष्ट मात्र पुढे सरकते. २०१४ साली पंजाबने त्याला सहा कोटींना घेतलं. निवडणुकीमुळे त्या वर्षीचे सुरुवातीचे सामने यूएईत झाले. पहिला अबुधाबीत, पुढचे दोन शारजात. त्याच्या धावा ९५, ८९, ९५. हंगामात ५५२. माणूस तोच, बॅट तीच, फक्त आता तो रोज खेळत होता. आणि गंमत अशी की २०२० ला आयपीएल कोरोनामुळे पुन्हा यूएईत गेली, पंजाबने त्याला पुन्हा घेतलं, आता पावणेअकरा कोटींना, आणि १३ सामन्यांत त्याच्या धावा झाल्या १०८. संपूर्ण हंगामात एक षटकार नाही. पुढच्या वर्षी बंगळुरूने त्याहून जास्त पैसे मोजले आणि तो पाचशेच्या वर गेला. आता सांगा, हा खेळाडू चांगला की फुसका?

२०१४ च्या त्या एप्रिलात माझ्या खालाचा मुलगा शारजात होता. मॅक्सवेलच्या दोन्ही खेळी त्याने कॅम्पमधल्या टीव्हीवर पाहिल्या, वीस-बावीस जणांच्या घोळक्यात मागे उभं राहून. आयटीआय केलेला इलेक्ट्रिशियन. एजंटने सांगितलं होतं इलेक्ट्रिशियनचा व्हिसा, आठ तास काम, वर ओव्हरटाइम. खालाने बांगड्या मोडून एजंटचे पैसे दिले. तिकडे गेल्यावर त्याला गोदामात माल उतरवायला लावलं. पगार सांगितल्याच्या निम्मा. आठ महिन्यांनी तो परत आला.

कोकणातल्या आपल्या मुसलमान घरांत गल्फहून परत येण्याची एक पद्धत आहे. बॅगा, चॉकलेटं, अत्तर, आणि पुढच्या वर्षी घरावर स्लॅब. आठ महिन्यांत रिकाम्या हाताने येणाऱ्यासाठी काही पद्धत नाही. लग्नाच्या पंगतीत एकाने त्याच्यासमोरच विचारलं, “काय रे, टिकला नाहीस?” कोणी एजंटचं नाव काढलं नाही. व्हिसा कसला होता, काम कसलं दिलं, हेही कोणी विचारलं नाही. खाला गप्प बसून राहिली. बाहेर पाठवलेल्या मुलाचीही आपण अशीच धाव मोजतो. किती लावले, किती आले. पैसे घेणारा एजंट मात्र त्या हिशोबात कुठेच नसतो. आज तो मुलगा धाटावच्या एमआयडीसीत कंत्राटदाराकडे वायरमन आहे, हाताचं काम इतकं सफाईदार की लोक नाव काढतात. तरी घरी ‘गल्फहून परत आलेला’ हीच त्याची ओळख शिल्लक आहे.

सगळेच ‘बाहेरचे’ बिचारे असतात असं मला म्हणायचं नाही. जोफ्रा आर्चरला मुंबईने २०२२ साली आठ कोटींना घेतला, तेव्हा त्या हंगामात तो खेळणार नाही हे घेणाऱ्यांनाही माहीत होतं. २०२३ ला पाच सामने, दोन बळी, आणि हंगाम संपायच्या आत तो परत गेला. इथे पोरांचा राग मला पटतो. पण तो राग आर्चरच्या कोपरावर काढायचा की जखमी माणसावर आठ कोटी लावणाऱ्यावर, यावर वर्गात अजून एकमत झालेलं नाही.

आपला सचिनही एकदा ‘बाहेरचा’ होता. १९९२. यॉर्कशायर काउंटीने तोवर आपल्या हद्दीत जन्मलेल्यांनाच खेळवायचा हट्ट धरला होता. तो सोडून त्यांनी ऑस्ट्रेलियाचा क्रेग मॅकडरमॉट ठरवला, त्याला दुखापत झाली, मग एकोणीस वर्षांच्या तेंडुलकरला बोलावलं. ब्रॅडफर्ड, लीड्सच्या गिरण्यांत राबून म्हातारे झालेले कितीतरी पाकिस्तानी, काश्मिरी तिथे राहत होते. त्यांच्या पोरांतल्या कोणालाही त्या संघात तोवर जागा मिळालेली नव्हती, आणि पहिला सावळा चेहरा आला तो वांद्र्याचा. त्याने १६ सामन्यांत १०७० धावा केल्या, शतक एकच. पुढच्या वर्षी यॉर्कशायरने वेस्ट इंडिजचा रिची रिचर्डसन आणला. आमच्या यादीवाल्यांनी नाव न सांगता हे आकडे वाचले असते तर शेरा मारला असता, “बरा होता.”

मला स्वतःला जवळचा वाटतो तो वसीम जाफर. बेस्टच्या बसड्रायव्हरचा मुलगा, मुंबईसाठी ढीगभर धावा करून २०१५ ला विदर्भाकडे गेला, पैसे घेऊन आलेला बाहेरचा खेळाडू म्हणून. २०१६-१७ चा हंगाम दुखापतीत गेला. आमच्या मांडवात असता तर “पैसे फुकट गेले” एवढ्यावर प्रकरण मिटलं असतं. पुढच्या हंगामात तो मानधन न घेता खेळला. विदर्भाने पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला, आणि १ जानेवारी २०१८ ला इंदूरमध्ये जिंकायच्या धावा पुऱ्या झाल्या तेव्हा खेळपट्टीवर जाफर होता. विदर्भाने त्याला पुढच्या वर्षीही ठेवलं. त्या हंगामात त्याने १०३७ धावा केल्या, करंडक पुन्हा नागपूरला गेला, आणि तो संपला तेव्हा जाफरच्या एक्केचाळिसाव्या वाढदिवसाला थोडेच दिवस उरले होते.