कापलेला पैसा परत मागायला लाजू नका



खत किती टाकावे, कपाशीवर बोंडअळी आली तर काय करावे, हे तुम्ही मला विचारता आणि मी सांगतो. आज मात्र माझ्याच घरातली एक चूक सांगणार आहे. ती चूक माझी आहे.

माझी थोरली बहीण, आमची आक्का, वैजापूर तालुक्यातच राहते. मालक वारले, मुलगा शेती पाहतो. समृद्धी महामार्ग आपल्या तालुक्यातून गेला, त्यात तिची थोडी जमीन गेली. आलेल्या पैशांपैकी बारा लाख तिने बँकेत मुदत ठेवीत टाकले. वर्षाला चौऱ्याऐंशी हजारांच्या आसपास व्याज यायचे. एकदा ती कागद घेऊन आली. "बापू, बँकेनं हे पैसे कापलेत, बघ जरा." मी चष्मासुद्धा न लावता म्हणालो, "आक्का, शेतकऱ्याला कर नसतो. काळजी करू नको." बिचारी कागद घडी करून घेऊन गेली.

नोव्हेंबर २०२४ मध्ये तिने पुन्हा विषय काढला, तेव्हा मी नीट वाचले. बँकेने २०२२-२३ आणि २०२३-२४ या दोन्ही वर्षी दहा टक्क्यांप्रमाणे ८,४०० रुपये कापले होते. दोन वर्षांचे १६,८०० झाले. एवढ्यात कितीतरी गोणी खत आले असते!

आता समजून घ्या. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, हे खरे. पण ठेवीचे व्याज हे शेतीचे उत्पन्न नव्हे. ते ठरावीक रकमेच्या वर गेले की बँक कर कापून सरकारजमा करते. ही मर्यादा तेव्हा ४०,००० होती. १ एप्रिल २०२५ पासून ती ५०,००० आणि साठ वर्षांवरील ज्येष्ठांसाठी एक लाख झाली. कापलेला पैसा मात्र बुडत नाही. तो तुमच्या पॅनवर 'टॅक्स क्रेडिट' म्हणून जमा दिसतो. वर्षाचा हिशेब करून कर शून्य निघाला, तर तो परत मिळतो. आक्काचे करपात्र उत्पन्न फक्त व्याजाचे, तेही करमुक्त मर्यादेच्या कितीतरी आत. म्हणजे सगळा पैसा तिचाच होता.

अमेरिकेत १९७५ पासून कमी मिळकतीच्या कष्टकऱ्यांना अशी सवलत आहे की, ती करापेक्षा जास्त भरली तर वरची रक्कम सरकार त्यांच्या हातात देते. आपल्या आयकरात तसे नाही. इथे आपलाच कापलेला पैसा परत येतो. तेव्हा कोणी दलाल "काही न कापताही मोठा परतावा काढून देतो" म्हणाला, तर त्याला उंबऱ्याबाहेरच ठेवा. खोटी वजावट दाखवली तर दंड तुम्हाला, दलाली त्याला.

पैसा परत मिळवायचा तर विवरणपत्र भरावे लागते. आक्काला भीती वाटली, "मग माझे किसानचे दोन हजार बंद होतील!" गल्लीत तसे कोणी सांगितले होते. पीएम-किसानच्या नियमात वगळले आहे ते मागील कर निर्धारण वर्षात आयकर भरलेल्यांना. विवरणपत्र भरणे वेगळे आणि कर भरणे वेगळे. कर शून्य निघून कापलेली रक्कम परत मिळाली, तर कर भरला असे होत नाही.

२०२३-२४ चे विवरणपत्र आम्ही डिसेंबरच्या आत भरले. उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या आत असल्याने उशिराचे शुल्क लागले नाही. शेतीचे उत्पन्न ५,००० च्या वर असल्याने आयटीआर-१ चालला नाही, आयटीआर-२ भरावा लागला. ८,४०० रुपये खात्यात आले. २०२२-२३ ची मुदत मात्र डिसेंबर २०२३ मध्येच संपली होती. त्यासाठी विलंब माफीचा अर्ज केला आहे. ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कर निर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांत तो करता येतो. पण अर्ज म्हणजे वाट पाहणे आले. मी तेव्हाच चष्मा लावला असता, तर ही वेळ आली नसती.

तुम्ही एवढे करा. व्याजाची रक्कम करमुक्त मर्यादेच्या आत असेल आणि वर्षाचा कर शून्य निघणार असेल, तर एप्रिलमध्येच बँकेत 'व्याजावर कर कापू नये' असे घोषणापत्र द्या. साठच्या आतल्यांना पंधरा-जी आणि वरच्यांना पंधरा-एच, अशी त्याची जुनी नावे. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आहे, म्हणून क्रमांक पाठ न करता बँकेत विचारून घ्या. घोषणापत्र दर वर्षी नव्याने द्यावे लागते. पॅन आधारला जोडलेले ठेवा. कर कापलाच असेल, तर बँकेकडून त्याचा दाखला घ्या आणि विवरणपत्र मुदतीत भरा. खोटे घोषणापत्र मात्र देऊ नका. दुकान, भाडे, नोकरी असे दुसरे उत्पन्न असेल, तर जाणकाराला विचारून हिशेब करा.

आक्का परवा म्हणाली, "बापू, तू पिकाचं पान उलटून पालटून बघतोस, तसा माझा कागद का नाही बघितलास?" मला उत्तर सुचले नाही. आपल्या घरातही एखादी आक्का असेल. तिचा कागद आजच उलगडून पाहा.