आजीची जपमाळ

आजी बेळगावात जन्मली, बेळगावातच नांदली. बदललं ते राज्य. १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबईचं म्हैसूर झालं. पाच मुलं वाढवली, त्यातली दोन तिच्या डोळ्यांदेखत गेली. त्यावर ती कधी बोलायची नाही. संध्याकाळची जपमाळ मात्र चुकवायची नाही. दहा-दहा मण्यांचे पाच भाग, एकेका मुलाच्या नावानं. एकदा मी विचारलं, "गेलेल्यांचे मणी आता कुणाला?"

"त्यांचेच. पोरं गेली म्हणून आई काय रिटायर होते?"

नव्वदीत बोटं वाकडी झाली, मणी निसटायचे. मग मी शेजारी बसून मोजायचे. आमचं नाव कुठंच नाही, याचा (खरं सांगते) रागच यायचा. सुरुवातीचे तीन मणी आम्हा तिघा नातवंडांचे, हे तिच्या मयतीच्या दिवशी आईकडून कळलं.