जुन्या चित्रकथांचें मोल

पोथ्या, नाणीं किंवा टपालाचीं तिकिटें जमविणाऱ्या गृहस्थास आपल्या समाजांत मान मिळतो. परंतु मुलांच्या चित्रकथांचे अंक जपून ठेवणारा मनुष्य आतां आतांपर्यंत घरच्यांच्या थट्टेचा विषय होत असे. ही थट्टा अलीकडे ओसरूं लागली आहे, आणि त्याचें कारण उघड आहे. अमेरिकेंत १९३८ सालीं अवघ्या १० सेंटांस विकल्या गेलेल्या 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकाची एक प्रत २०२४ सालीं लिलावांत ६० लक्ष डॉलरांस गेली. सुपरमॅन हा वीर त्या अंकांत प्रथम अवतरला. अशी बातमी कानीं आली कीं माळ्यावरच्या ट्रंका खालीं उतरतात, आणि जुना म्हणून जो अंक सांपडेल त्यास धनाचा घडा समजण्याकडे मनाचा कल होतो. तेव्हां हें मोल ठरतें कसें, याचा थोडा विचार करणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

पहिली गोष्ट ही कीं, केवळ वयामुळें कोणत्याहि अंकास किंमत येत नाहीं. अंक किती छापले यापेक्षां किती उरले, हा खरा प्रश्न आहे. सुपरमॅनचा पहिला अंक मुलांनीं वाचला, फाडला आणि टाकून दिला. पुढें दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेंत रद्दी गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या, त्यांत असे असंख्य अंक लगद्यांत गेले. त्यांतून वांचलेल्या थोड्या प्रतींना आज ही योग्यता आली आहे. याच्या उलट उदाहरणहि त्याच देशांतलें आहे. १९९१ सालीं 'एक्स-मेन' या मालिकेच्या एका पहिल्या अंकाच्या ८० लक्षांहून अधिक प्रती खपल्या. १९९२ सालीं सुपरमॅनच्या मृत्यूची कथा काळ्या मोहोरबंद पिशवींत घालून विक्रीस आली, तेव्हां लोकांनीं ती पुढें महाग होईल या आशेनें न उघडतांच कपाटांत ठेवली. सर्वांनींच जपल्यामुळें ती दुर्मिळ झालीच नाहीं. त्या काळच्या सट्ट्याची भरती ओसरली, अनेक दुकानें बसलीं, आणि १९९६ सालीं 'मार्व्हल' या बड्या प्रकाशनसंस्थेस दिवाळखोरीसाठीं न्यायालयाची पायरी चढावी लागली. ज्याची राखण सारें जग करितें, त्याला बाजारांत कोणी विचारीत नाहीं.

आपल्याकडे हाच न्याय 'इंद्रजाल'च्या अंकांस लावून पाहावा. 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या प्रकाशनसंस्थेनें मार्च १९६४ मध्यें ही मालिका काढली, आणि आरंभापासूनच ती इंग्रजी व हिंदीबरोबर मराठींतहि निघत होती. पहिल्या अंकांत ली फॉक यांच्या वेताळाची कथा होती. पहिले ३२ अंक एकट्या वेताळाचेच. पुढें मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन आदि मंडळी आली, आणि १९७६ सालीं आबिद सुरती यांनीं निर्मिलेला आपल्या मातींतला बहादूर आला. १९९० सालीं मालिका बंद पडली, तोंपर्यंत ८०३ अंक निघाले होते. नवशिक्या संग्राहकास येथें एक गंमत सांगण्याजोगी आहे. १२३ आणि १२४ या क्रमांकांचे अंक शोधण्यांत त्यानें वेळ दवडूं नये. छापखान्यांतील संपामुळें ते निघालेच नाहींत. आरंभींच्या अंकांत पानांच्या मर्यादेमुळें मूळ कथेंतील कित्येक चित्रें गाळलेलीं असत. वाचनाच्या दृष्टीनें हें न्यून खरें; तथापि संग्राहक याच अंकांमागें अधिक धांवतात, कारण त्यांना कथेपेक्षां आरंभाचें अप्रूप.

'अमर चित्रकथे'ची परीक्षा निराळी. अनंत पै यांनीं १९६७ सालीं सुरू केलेल्या या मालिकेंत 'कृष्ण' हा अंक ११ व्या क्रमांकाचा, कारण आधींचे १० क्रमांक पाश्चात्य परीकथांकडे गेले होते. राम वाईरकर यांच्या चित्रांनीं नटलेला हा अंक पुढें वारंवार छापला गेला, म्हणून मुखपृष्ठ ओळखीचें दिसतांच हुरळून जाऊं नये. छापलेली किंमत पाहावी. आवृत्ति जितकी अलीकडची तितकी ती चढती. क्रमांकहि पाहावा, ५०१ पासून पुढचे क्रमांक नंतरच्या आवृत्त्यांचे.

यानंतर अंकाची प्रकृति. टाचण्या गंजल्या आहेत काय, मधलें जोडपान जागेवर आहे काय, कूपन कोणीं कापलें आहे काय, हें प्रथम तपासावें. बांधणी केलेले खंड दिसावयास नेटके, परंतु बांधणाऱ्यानें कडा कातरलेल्या आणि पाठीस भोकें पाडलेलीं असतात. बाजार त्यांस कमी लेखतो. स्वस्त कागद आपल्याच अंगच्या आम्लानें पिवळा पडतो, आणि आमच्याकडचा पावसाळा व कसर उरलेलें काम पुरें करतात. परदेशांत तर अंकाच्या स्थितीस १० पैकीं गुण देणाऱ्या संस्थाहि आहेत.

या गुणदानाचें मर्म आम्हांस घरींच उमगलें. वाडा पुनर्बांधणीसाठीं रिकामा करावयाचा ठरला, तेव्हां इंद्रजालच्या मराठी अंकांची एक पेटी निघाली. घरांत तीन बिऱ्हाडें, त्यामुळें मतेंहि तीन. अंक विकून धाकट्या पुतणीच्या शिक्षणास हातभार लावावा, असें एक; मुलांसाठीं सारे ठेवावे, असें दुसरें; सरळ वांटणी करावी, असें तिसरें. एक जाणता व्यापारी बोलाविला. त्यानें कोरे राहिलेले अंक एकीकडे काढले आणि उरलेल्यांची किंमत निम्मी धरली. कारण विचारतां त्यानें पहिल्या पानावर शाईनें लिहिलेल्या नांवाकडे बोट दाखविलें. तें नांव आमच्या मधल्या बंधूंचें. त्यांना जाऊन बरींच वर्षें झालीं. त्यांच्या बाळपणचें अक्षर आतां घरांत दुसरें कोठेंहि नाहीं.

व्यापाऱ्याचा हिशेब त्याच्या परीनें बिनचूक होता. ज्या अंकांना कोणाचा हात लागला नाहीं ते उत्तम, आणि ज्यांवर बाळजीव जडला ते सदोष, असाच या बाजाराचा नियम आहे. कोणी कांहीं बोलेना. शेवटीं मधल्या वहिनी म्हणाल्या, "नांवाचे राहूं द्या. कोरे गेले तरी चालतील. पोरीची फी भरायची आहे ना?" पुतणी त्यांचीच. तिन्ही बिऱ्हाडांस तें पटलें, आणि त्या रात्रीं नांवाचे अंक मुलांनीं पेटींतून काढून वाचावयास घेतले.

वाचकांस आमचें सांगणें इतकेंच. रद्दीवाल्यास हांक मारण्यापूर्वीं एका वहींत अंकाचा क्रमांक, भाषा, किंमत आणि स्थिति टिपून ठेवावी, व जाणत्यास दाखवावी. मराठी अंकांकडे तर विशेष लक्ष द्यावें. ते आपणच जपले नाहींत तर दुसरा कोण जपणार? अंक कोरड्या जागीं आडवे ठेवावे आणि पावसाळा संपतांच चाळून पाहावे. विकावयाचे असतील ते खुशाल विकावे. गरजेला पैसा उपयोगीं पडावा यांत कमीपणा नाहीं. मात्र नव्या अंकावर घरांतल्या मुलानें आपलें नांव घातलें तर त्याच्यावर रागावूं नये. फार तर त्याच्या हातीं पेन्सिल द्यावी.