शिखरजीच्या वाटेवर विमान

मधुबनच्या धर्मशाळांतील दिवे मध्यरात्र उलटताच लागू लागतात. हातात काठी घेतलेले यात्रेकरू णमोकार मंत्र म्हणत अंधारातच पारसनाथचा डोंगर चढू लागतात. 9 किलोमीटर चढ, टोंकांच्या दर्शनाचे 9 किलोमीटर आणि 9 किलोमीटर उतार अशी ही 27 किलोमीटरची वंदना आहे. चोवीसांपैकी 20 तीर्थंकरांची ही निर्वाणभूमी. तिचे दर्शन आयुष्यात एकदा तरी घडावे, ही आस प्रत्येक जैन घरात असते.

महाराष्ट्रातून येणाऱ्यांची परीक्षा मात्र डोंगराच्या पायथ्याशी पोहोचण्याआधीच सुरू होते. कोल्हापूरहून धनबादला जाणारी दीक्षाभूमी एक्सप्रेस आठवड्यातून एकदाच सुटते आणि तिच्यात दोन रात्री काढाव्या लागतात. दुकान आठ-दहा दिवस बंद ठेवणे तरुण व्यापाऱ्याला जमत नाही आणि इतका प्रवास वृद्ध आईवडिलांना झेपत नाही. त्यामुळे अनेक घरांतली यात्रा ‘पुढच्या वर्षी’वर जाते, आणि काहींच्या बाबतीत ते पुढचे वर्ष उगवतच नाही. स्वस्त विमानसेवेचा पुढचा मार्ग कोणता, हा प्रश्न म्हणूनच या घरांत निव्वळ कुतूहलाचा राहत नाही.

12 जुलै 2022 रोजी देवघरच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. तेथून मधुबन मोटारीने सुमारे 100 किलोमीटरवर आहे. रांचीचा विमानतळ त्याहून बराच दूर पडतो. देवघरची धावपट्टी 2,500 मीटरची असल्याने एअरबस 320 जातीचे विमान तेथे उतरू शकते. इंडिगोने जून 2023 मध्ये याच कुळातील 500 विमानांची मागणी नोंदवली. इतकी विमाने केवळ मुंबई-दिल्लीच्या आकाशात मावणारी नाहीत. त्यांना लहान शहरांच्या वाटा शोधाव्याच लागतील. मग पुण्याहून थेट देवघरला एखादी सेवा निघेल का?

स्वस्त विमानकंपनीचे गणित व्यापाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. कमी नफा आणि अधिक उलाढाल, हेच तिचे सूत्र. विमाने शक्यतो एकाच जातीची, आसनांचा वर्ग एकच, खाद्यपदार्थांचे पैसे वेगळे. विमान उतरल्यावर अर्ध्या तासात पुन्हा उडावे, कारण जमिनीवर उभे असलेले विमान हे गोदामात पडून राहिलेल्या मालासारखे असते. तसेच भरून गेलेले विमान रिकामे परतले, तर जाण्याचा नफा परतीत बुडतो.

या कसोटीवर पुणे-देवघर मार्ग तपासून पाहावा. 180 आसनांचे विमान आठवड्यातून तीनदा गेले, तरी एका दिशेने 540 आसने भरावी लागतात. 50 जणांच्या यात्रासंघाने एका विमानाचा तिसरा हिस्साही भरत नाही. शिवाय शिखरजीच्या यात्रेचा मुख्य हंगाम कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतचा. श्रावणातील मोक्षसप्तमीला गर्दी होते. पण एरवी चातुर्मासात जीवदयेच्या विचाराने अनेक कुटुंबे प्रवास टाळतात. या उणिवेवरचा उपाय देवघरातच आहे. बाबा वैद्यनाथांच्या दर्शनाला भाविकांची मोठी दाटी होते ती नेमकी श्रावणात. म्हणजे एका परंपरेचे यात्री घटतात, तेव्हा दुसरीचे वाढतात. शिक्षण आणि नोकरीसाठी पुण्यात आलेले झारखंड-बिहारचे तरुण सणासुदीला गावी जातात आणि परतीची आसनेही भरतात. केवळ तीर्थाच्या आधारावर मार्ग टिकत नाही. तीर्थ, शिक्षण आणि रोजगार एकत्र आले, तरच त्याचा जमाखर्च जुळतो.

इतर तीर्थांचा विचार केला, तर पालिताण्याला भावनगरचा विमानतळ जवळ आहे. पण शत्रुंजयाची यात्रा चातुर्मासात बंद असते. श्रवणबेळगोळ ज्या हसन जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील गोरूरचे कॅप्टन गोपीनाथ यांनी 2003 मध्ये ‘एअर डेक्कन’ सुरू करून सामान्य भारतीयाला स्वस्त विमानप्रवास दाखवला. तरीही बेंगळुरूहून मोटारीने वा रेल्वेने बाहुबलींच्या चरणी सहज पोहोचता येत असल्याने तेथे वेगळ्या मार्गाची निकड तेवढी नाही. शिखरजीची निकड मोठी आहे, कारण अंतरच मोठे आहे.

मार्गाइतकेच वेळापत्रकही महत्त्वाचे ठरेल. विमान दुपारपूर्वी देवघरला उतरले, तर सूर्यास्ताआधी मधुबन गाठून भोजन उरकता येईल. तेच सायंकाळी उतरले, तर रात्रिभोजनाचा त्याग केलेल्यांना उपाशीपोटी अंधारात 100 किलोमीटर जावे लागेल. अशा मागण्या एकेकट्या कुटुंबाने केल्या, तर कंपनीच्या हिशेबात त्या दिसतही नाहीत. कोल्हापूर, सांगली, सोलापूर आणि पुणे येथील संघांनी आपल्या यात्रांच्या तारखा आणि यात्रेकरूंची संख्या एकत्र मांडली, तर मात्र त्या मागणीला वजन येईल.

या सोयीला दुसरी बाजूही आहे. शिखरजी पर्यटनस्थळ होऊ नये म्हणून देशभरचा समाज रस्त्यावर उतरला आणि 5 जानेवारी 2023 रोजी केंद्र सरकारने तेथील पर्यटनविषयक तरतुदींना स्थगिती दिली. जे विमान वृद्ध मातापित्यांना आणेल, तेच सहलीची हौस भागवणाऱ्यांनाही आणू शकेल. म्हणून सेवेची मागणी करणाऱ्यांनी क्षेत्राच्या मर्यादांचा आग्रहही तेवढ्याच ठामपणे धरला पाहिजे.

मुनी आणि आर्यिका वाहनाला स्पर्श न करता शेकडो किलोमीटर पायी विहार करत येथे येतात. गृहस्थाला ते व्रत नाही. पण डोंगराचा नियम दोघांनाही एकच आहे. विमान देवघरला थांबेल, मोटार मधुबनला थांबेल. त्यापुढे पार्श्वनाथांच्या टोंकापर्यंत ज्याने त्याने आपल्या पायांनी, आणि ते थकले तर डोलीवाल्यांच्या खांद्यावरून जायचे आहे.