भिंतीचं ऊन

पुसात कयाधूच्या काठची थंडी लई वाईट. नदीवरून वारं यायचं आणि अंगणातल्या शेकोटीपासून उठावंच वाटायचं नाही. पण शाळा आठला भरायची. तेव्हा आमचं गाव परभणी जिल्ह्यात. हिंगोलीचा वेगळा जिल्हा व्हायला १ मे १९९९ उजाडावा लागला. सबंध वर्गात स्वेटर दोन-तीन. बाकीची लेकरं मायच्या जुन्या लुगड्याचं धडपं मानेमागं गाठ मारून यायची.

शाळेच्या पूर्वेकडच्या भिंतीवर पहिलं ऊन यायचं. प्रार्थनेआधी आम्ही तिला पाठ लावून ओळीनं उभं राहायचो. दोन्ही टोकांची पोरं मधल्यांना रेटायची. मधला दबून बाहेर फेकला गेला, की पळत टोकाला जायचा आन् पुन्हा रेटायचा. झाला खेळ. ना चेंडू, ना कुणावर राज्य. आम्ही नुसतं 'रेटारेटी' म्हणायचो. पाच मिनिटांत थंडी पळायची. पाठीवर चुना लागायचा, त्यावरून कोण कोण होतं ते गुरुजी ओळखायचे.

परवा नातीनं मोबाईलवर जपानची लेकरं दाखवली. थंडीत तिथं 'ओशिकुरा मांजू' खेळतात. पाठीला पाठ लावायची, हातात हात अडकवायचे आणि मागं रेटायचं. मांजू म्हणजे त्यांच्याकडचा वाफवलेला गोड पदार्थ, आत पुरण भरलेला. रेटलं तरी रडायचं नाही, असं ते गाण्यातून एकमेकांना बजावतात म्हणे. आमच्यात ते सांगावं लागत नव्हतं.

चौथीत एक पोरगा कायम मधी असायचा. किडकिडीत, एकच सदरा. मधी ऊब, टोकाला वारं. म्हणून तो तिथनं हलायचाच नाही. एका सकाळी मी टोकावरून असा जोर लावला, की भिंतीतल्या खिळ्याला अडकून त्याचा सदरा पाठीवर टरकला. सगळे हसले. मीही.

"कुणी रेटलं रे?" गुरुजींनी विचारलं. मी खाली बघत राहिलो. त्यानं माझ्याकडं बघितलं, पण नाव घेतलं नाही.

चार दिवस तो आला नाही. आजीला सांगितलं.

"काहून येईना, ते कळतंय ना तुला? मग जाय की." तिनं माझा एक सदरा काढून दिला.

मी त्याच्या दारापर्यंत गेलो. त्याची माय उंबऱ्यात तोच सदरा शिवत बसली होती. "ये बाबा. काय काम काढलंस?"

"गुरुजींनी शाळेत बोलावलंय त्याला," एवढंच माझ्या तोंडून निघालं. गुरुजींनी काही बोलावलं नव्हतं. काखेतला सदरा तसाच घेऊन मी माघारी आलो. आजीनं तो बघितला, बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी तो आला. पांढऱ्या सदऱ्यावर काळ्या दोऱ्याची शिवण. भिंतीशी आला, पण मधी शिरला नाही. टोकाला, वाऱ्यात उभा राहिला. मी त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. रेटलं नाही.