बुरुडाची पत

मी बी.कॉम. झालो तो हिशेबाच्या आवडीने नव्हे, नोकरी लागावी म्हणून. हिंजवडीतल्या एका कचेरीत बरीच वर्षे व्हाउचर आणि खतावण्या सांभाळतो आहे. सुट्टीच्या दिवशी मात्र समाजकार्याच्या निमित्ताने एस.टी.ने फिरणे होते. या फिरण्यात हाताने वस्तू घडवणारी माणसे ध्यानीमनी नसताना भेटतात. त्यांतली काही आजची, तर काही दोन हजार वर्षांपूर्वीची! त्यांची वाचकांशी गाठ घालून द्यावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

पहिला भेटला तो कार्ल्याला. वस्तीतल्या मुलांची सहल घेऊन गेलो होतो. येणारे लोक चैत्यगृहाचे खांब पाहतात, छताच्या लाकडी कमानी पाहून एवढी वर्षे लाकूड टिकले कसे म्हणून नवल करतात आणि फोटो काढून डोंगर उतरतात. दर्शनी भागावर ब्राह्मी लिपीत एक छोटा लेख आहे, त्याकडे फारसे कोणी वळत नाही. धेनुकाकट गावच्या, वेणुवासाचा पुत्र सामी या सुताराने हे द्वार केले, अशी त्यात नोंद आहे. कारागिराचे नाव, बापाचे नाव, गावाचे नाव, सगळे दगडात! आजच्या किती इमारतींवर गवंड्याचे नाव असते? कोनशिलेवर असते ते उद्घाटकाचे.

दुसरी भेट जुन्नरची. तिथल्या लेण्यांतल्या एका शिलालेखात बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि काशाचे काम करणाऱ्यांच्या श्रेणीकडे ठेव ठेवल्याचा उल्लेख आहे. श्रेणी म्हणजे कारागिरांचा संघ. याचा अर्थ, त्या काळी लोक विश्वासाने आपला पैसा बुरुडांकडे ठेवत होते. बँकेत ठेवावा तसा!

याहून पक्का हिशेब नाशिकच्या पांडवलेण्यांत, दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात आहे. नहपान राजाचा जावई उषवदात याने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात 3000 कार्षापण भिक्षुसंघासाठी दिले. ही रक्कम गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. 2000 एकीकडे, दरमहा शेकडा 1 व्याजाने, आणि 1000 दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायचे नाही, व्याज तेवढे वापरायचे. 2000 च्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या 20 भिक्षूंना प्रत्येकी 12 कार्षापण चीवरासाठी द्यायचे. आता माझ्यातला कारकून गप्प कसा बसेल? तिथेच पायरीवर बसून एस.टी.च्या तिकिटामागे आकडे मांडले. 2000 चे महिन्याचे व्याज 20, वर्षाचे 240. वीस भिक्षूंना बारा-बारा, म्हणजे 240. ताळा बरोबर, एका दमडीचा फरक नाही! शिवाय हा व्यवहार निगमसभेत वाचून दाखवून दप्तरी नोंदवल्याचेही लेखातच लिहिले आहे. राजाच्या जावयाने पैसा ठेवला तो विणकरांकडे, आणि कायमचा. याला म्हणतात पत.

आता आमच्या हिंजवडीत या. आयटी पार्कच्या काचेच्या इमारतींकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला एक बुरुड जोडपे बसते. पावसाने बस अडकली, म्हणून एकदा मी त्यांच्या ताडपत्रीखाली आडोशाला शिरलो आणि तासभर तिथेच रमलो. बाबा कोयत्याने ओला बांबू उभा चिरतात. मग एकेक कामटी पायाच्या अंगठ्यात धरून सोलत जातात. ती शेवटी इतकी पातळ होते की बोटावर गुंडाळावी. मावशी विणतात. सूप, रोवळी, दुरडी, परडी, कोंबड्या झाकायचे डालगे. न बघता विणतात, बोलता बोलता विणतात. पण सुपाची कड वळवताना बोलणे थांबते. "कड चुकली तर धान्य पाखडताना सांडतंय, दादा," मावशी म्हणाल्या. पावसाळ्यात तोडलेला बांबू त्या घेत नाहीत, त्याला भुंगा लवकर लागतो. हे ज्ञान कुठल्या पदवीत बसवायचे?

तेवढ्यात गळ्यात ओळखपत्र घातलेला एक तरुण सुपासाठी घासाघीस करू लागला. सजावटीसाठी हवे होते. मावशींनी अडीचशे सांगितले, त्याने शंभर. तो गेल्यावर मी विचारले, किती वेळ लागतो? म्हणाल्या, बांबू चिरण्यापासून धरला तर अर्धा दिवस.

खरी अडचण गिऱ्हाइकाची नाही, बांबूच्या पैशाची आहे. लग्नसराईआधी माल भरायचा तर रोख लागते, ती खाजगी सावकाराकडून येते आणि कमाई व्याजात जाते. कर्जासाठी ते एका बँकेत गेले होते. तिथे दुकानाचा पत्ता विचारला गेला. रस्त्याच्या कडेला कसला पत्ता!

केंद्राची विश्वकर्मा योजना 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झाली. तिच्या 18 व्यवसायांत टोपल्या, चटया, झाडू करणारे आहेत. विनातारण कर्ज, पहिल्या टप्प्यात 1 लाख, पुढे 2 लाख, व्याज द.सा.द.शे. 5. विणकरांची श्रेणी संघाला द.सा.द.शे. 12 देत होती, हे लक्षात घ्या. योजना चांगली आहे, पण ताडपत्रीखाली तिची बातमी पोचली नव्हती. बुरुड समाज आपल्यासारखाच अनुसूचित जातींच्या यादीत आहे. तरी आपल्या सभांच्या मांडवात तो क्वचित दिसतो, आणि आपणही त्याच्या ताडपत्रीखाली पाऊस आल्याशिवाय जात नाही.

आधार कार्ड, पासबुक, रेशनकार्ड जमवून अर्ज भरला आहे. पडताळणी व्हायची ती ग्रामपंचायतीकडून, आणि कागदोपत्री त्यांचे गाव अजून मूळचेच. येत्या सोमवारी मी रजा टाकली आहे. बाबा माझ्याबरोबर येणार, मावशी दुकान सांभाळणार. सकाळी सहाची एस.टी. आहे.