उत्तरवाहिनी महानदी

नदी दोन-चार कोस उत्तरेस वळली कीं आपल्याकडे तेथें घाट बांधतात व उत्तरवाहिनी म्हणून तिच्या स्नानाचें माहात्म्य सांगतात. मग जी बहुतेक सारी वाट उत्तरेकडेच चालून अखेर गोठलेल्या समुद्रास मिळते, तिला काय म्हणावें? अशी नदी कॅनडाच्या वायव्य भागांत आहे. नकाशांत तिचें नांव मॅकेंझी. तीरावरील डेने लोक तिला 'देहचो' म्हणतात. या शब्दाचा अर्थ 'महानदी' असा आहे, हें वाचून आम्हांस मौज वाटली. आपल्या पूर्वजांनींही ओडिशांतील एका नदीस हेंच नांव दिलें आहे.

ही नदी ग्रेट स्लेव्ह सरोवरांतून निघते. हें सरोवर ६१४ मीटर खोल असून उत्तर अमेरिकेंत त्याहून खोल दुसरें नाहीं. तेथून ब्यूफोर्ट समुद्रापर्यंत नदीची लांबी सुमारें १,७०० किलोमीटर आहे; पीस वगैरे वरच्या नद्या जमेस धरल्या तर ती ४,२०० किलोमीटरांवर जाते. तिचें खोरें सुमारें १८ लक्ष चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या जवळजवळ सहापट आहे. वाटेंत फोर्ट सिम्प्सन येथें गढूळ लिआर्ड नदी तिला मिळते. तुलिता येथें ग्रेट बेअर सरोवराचें निर्मळ पाणी येतें. आणि मुखाशीं अनेक फांटे व हजारों तळीं असलेला विस्तीर्ण त्रिभुज प्रदेश तयार होतो.

इ. स. १७८९ च्या जून महिन्यांत अलेक्झांडर मॅकेंझी हा स्कॉटिश व्यापारी पॅसिफिक महासागराची वाट शोधीत, डेने सोबत्यांसह निघाला. ही नदी त्या महासागरास मिळेल ही त्याची आशा फोल ठरून जुलैंत तो उत्तर महासागरास पोहोंचला. नदी कोठें जाते हें तीरावरच्या लोकांस पूर्वींच ठाऊक होतें. नकाशावर नांव मात्र पाहुण्याचें राहिलें.

आपल्या नद्यांस पूर येतो तो पावसानें. हिला वसंतांत येतो तो बर्फानें. प्रवाह दक्षिणेकडून उत्तरेकडे असल्यामुळें वरचें बर्फ आधीं वितळतें, तेव्हां खालचें पात्र अद्याप गोठलेलेंच असतें. वरून आलेलें पाणी व हिमखंड त्यावर आदळून तुंबतात आणि बांध घातल्याप्रमाणें पाणी चढतें. मे २०२१ मध्यें याच कारणानें फोर्ट सिम्प्सनच्या रहिवाशांस घरें सोडावीं लागलीं. तथापि हा पूर निव्वळ शत्रु नव्हे. त्रिभुज प्रदेशांतील उंचावरचीं तळीं या तुंबलेल्या पाण्यानेंच भरतात. तो चुकला कीं तीं आटूं लागतात.

अलीकडे हवामान तापत चाललें आहे. शतकानुशतकें गोठून राहिलेली जमीन विरघळून कांठ खचत आहेत. २०२४ सालीं तर पाणी इतकें उतरलें कीं, नॉर्मन वेल्ससारख्या बारमाही रस्ता नसलेल्या गांवीं मालवाहू पडाव जाऊं शकले नाहींत. माल विमानानें न्यावा लागला. जेथें नदी हाच राजमार्ग, तेथें पाणी उतरणें म्हणजे घरोघर चूल महागणें होय.

या खोऱ्यांतून नैसर्गिक वायूचा नळ न्यावा कीं नाहीं, याची चौकशी १९७४ ते १९७७ या काळांत न्यायमूर्ति थॉमस बर्जर यांनीं केली. तज्ज्ञांच्या साक्षी घेऊन ते थांबले नाहींत. ३५ वस्त्यांत जाऊन त्यांनीं तेथील लोकांचें म्हणणें त्यांच्याच भाषांत ऐकून घेतलें, आणि दहा वर्षें काम तहकूब ठेवावें असा अभिप्राय दिला. ज्यांचें अन्न नदीवर, त्यांचा शब्द आधीं, हा न्याय आम्हांस कोणत्याही देशांत योग्यच वाटतो.

नदीचा उगम, मुख व लांबी भूगोलाचें पुस्तक सांगतें; ती कशी वागते हें तीरावरच विचारावें लागतें. वाचकांनीं आपल्या मुलांस जवळ घेऊन नकाशांत ही उत्तरवाहिनी अवश्य दाखवावी, आणि मॅकेंझी या नांवाशेजारीं 'देहचो' हें नांवही त्यांच्याकडून लिहवून घ्यावें.